‘गेलो’ नव्हे, ‘यैलू’ : नॉर्वेच्या बर्फाळ डोंगरगावी चार दिवस कसे काढावेत

नकाशावर रोमन लिपीत छापलेले हे नाव मराठी माणूस सहजच ‘गेलो’ असे वाचतो आणि जाण्यापूर्वीच गेल्याचे जाहीर करून मोकळा होतो. नॉर्वेजियन भाषेत मात्र या नावातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार ‘य’ असा होतो आणि गावाचे नाव ‘यैलू’ असे ऐकू येते. गाडीत स्थानकाची घोषणा होते तेव्हा आपले गाव आले हे कळण्यासाठी एवढे भाषाज्ञान असलेले बरे. ओस्लो आणि बर्गन या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, हालिंगदाल खोऱ्याच्या वरच्या टोकाला वसलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ माथेरानइतक्याच उंचीवर आहे. पण ते साठ अंशांहून अधिक उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षातले पाच-सहा महिने बर्फाखाली असते. माथेरानप्रमाणेच यैलूलाही रेल्वेनेच नावारूपाला आणले. २७ नोव्हेंबर १९०९ रोजी ओस्लो ते बर्गन हा लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी श्वसनविकारांचे तज्ज्ञ असलेल्या डॉ. होल्म यांनी स्थानकाजवळ, डोंगरातल्या कोरड्या हवेचा लाभ रुग्णांना व्हावा म्हणून, एक मोठे हॉटेल उघडले. ते आजही त्यांच्याच नावाने चालते.

भारतीय पर्यटक बहुधा हे गाव गाडीच्या खिडकीतून काही मिनिटेच पाहतात. ओस्लोहून निघावे, मिरदालला गाडी बदलावी, फ्लोमला उतरून फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, पाहावा आणि पुढे जावे, हा सहल कंपन्यांचा ठरलेला मार्ग आहे. उन्हाळ्यासाठी तो उत्तम आहे. परंतु ज्याला हिवाळा पाहायचा आहे, किंबहुना हिवाळ्यात चालायला शिकायचे आहे, त्याने येथे उतरून निदान चार रात्री मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसरा अंगदुखीत जातो आणि खरी मजा तिसऱ्या दिवशी सुरू होते; एका रात्रीसाठी येणाऱ्याच्या वाट्याला फक्त पडणे येते.

केव्हा जावे

बर्फावरील खेळांचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो, पण हे सगळे महिने सारखे नसतात. डिसेंबरच्या अखेरीस येथे दिवस सहा तासांहूनही लहान असतो आणि दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो. जानेवारीत गर्दी कमी असते आणि खोल्याही त्या मानाने स्वस्त मिळतात, मात्र पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि पहिल्यांदाच बर्फ पाहणाऱ्याला एवढी थंडी सोसेलच असे नाही. वर्षाच्या आठव्या आणि नवव्या आठवड्यांत, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, नॉर्वेतील शाळांना हिवाळी सुट्टी असते. प्रथम ओस्लोकडची आणि पाठोपाठ बर्गनकडची कुटुंबे डोंगरात येतात, आणि तेव्हा गाडीत आसन मिळणेही अवघड होते. ईस्टरच्या आठवड्यात तर जणू निम्मा देश डोंगरावर असतो.

म्हणून हिवाळी सुट्टी संपल्यानंतरचा आणि ईस्टरपूर्वीचा मार्च महिना निवडावा. तोपर्यंत दिवस बारा तासांच्या आसपास पोहोचलेला असतो, उन्हाला ऊब आलेली असते आणि बर्फ मात्र भरपूर असतो. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीची तारीख अवश्य पाहावी.

पोहोचणे आणि राहणे

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा प्रवासविमा जोडावा लागतो. येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. कित्येक स्वस्त विमा योजनांतून ‘हिवाळी खेळ’ हा प्रकार वगळलेला असतो. व्हिसासाठी ती योजना चालते, पण उतारावर गुडघा पिरगळला तर ती उपयोगाची नसते, आणि युरोपातील रुग्णालयाचे बिल खिशातून भरणे म्हणजे काय हे सांगायला नको. थोडे जास्त पैसे भरून स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख असलेला विमाच घ्यावा.

ओस्लोच्या गार्डरमूएन विमानतळावरून शहराच्या मुख्य स्थानकापर्यंत रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तेथून बर्गनची गाडी साधारण साडेतीन तासांत यैलूला पोहोचते. तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते. लहान मुले बरोबर असतील तर कुटुंबांसाठीचा डबा मागावा, त्यात मुलांना खेळण्यासाठी वेगळी जागा असते. भाड्याची मोटार घेण्याचा मोह मात्र टाळावा. बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवण्याचा सराव नसताना हार्डांगरव्हिडाच्या पठारावरून जाणारा सात क्रमांकाचा महामार्ग धरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. वादळात तो रस्ता बंद होतो, किंवा बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या मागे एका ओळीत गाड्या सोडतात आणि त्या ओळीत पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नाही.

राहण्यासाठी हॉटेल किंवा ‘ह्युत्ते’ म्हणजे लाकडी घर असे दोन पर्याय आहेत. चार-सहा जण असतील तर ह्युत्ते परवडते, शिवाय स्वयंपाकघर मिळते. पण आरक्षण करताना तीन प्रश्न विचारावेत : चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत का, निघताना साफसफाई कोणी करायची, आणि घरापर्यंतच्या रस्त्यावरचा बर्फ हिवाळ्यात काढला जातो का. पहिल्या दोन गोष्टी बहुधा भाड्यात नसतात. तिसरी विचारायची राहिली, तर रात्री आठ वाजता चाकांच्या बॅगा गुडघाभर बर्फातून ओढत चढावर न्याव्या लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

अंगावर काय असावे

आपल्याकडे थंडी म्हटले की जाड स्वेटर आठवतो. येथे जाडीपेक्षा थरांना महत्त्व आहे. अंगालगत लोकरीचे पातळ अंतर्वस्त्र, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा मधला थर आणि सर्वांत वर वारा व ओल अडवणारे जाकीट, अशी ती रचना असते. सुती बनियन आणि जीन्स यांना येथे पूर्ण बंदी समजावी. कारण साधे आहे : बर्फावर श्रम केले की घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि थांबल्याबरोबर तेच ओले कापड अंग गार करू लागते. लोकर ओली झाली तरी ऊब राखते. बोटे वेगवेगळी असणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे मिटन अधिक उबदार असतात. उन्हाचा काळा चष्मा आणि सनस्क्रीन यांना चैन समजू नये, कारण मार्चमधले ऊन बर्फावरून परावर्तित होऊन खालूनही चेहरा भाजते. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही मलम लावावे लागते, हे पहिल्या दिवशी कोणाला सुचत नाही.

गावात चालण्यासाठी बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे मिळतात, त्यांना ‘ब्रोड्डर’ म्हणतात. उतारावर जपून राहणारे पर्यटक स्थानकापासून दुकानापर्यंतच्या सपाट रस्त्यावर घसरून मनगट मोडून घेतात. त्यामुळे हे पट्टे पहिल्याच दिवशी विकत घ्यावेत. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते.

घसरण्यापूर्वी चालणे

आता मुख्य विषय. स्कीइंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच उतारावरून वेगाने खाली येणारा खेळाडू उभा राहतो, पण नॉर्वेत या शब्दाचा पहिला अर्थ चालणे हाच आहे. सपाट व चढउताराच्या वाटेवर लांब, अरुंद पट्ट्यांवरून, म्हणजे स्कींवरून, सरकत जाण्याला ‘लांगरेन’ म्हणतात. त्यात बुटाचा फक्त पुढचा भाग पट्टीला जोडलेला असतो आणि टाच मोकळी राहते. उतारावरच्या प्रकारात मात्र टाचेसह संपूर्ण बूट पक्का अडकवलेला असतो. नवख्याने आधी लांगरेन शिकावे आणि मग उताराकडे वळावे, असा माझा आग्रह आहे. लांगरेनची वाट फुकट असते, पडले तरी मार कमी लागतो, आणि मुख्य म्हणजे पट्टीवर तोल सांभाळण्याची सवय पायांना शांतपणे लागते.

सामान विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे. दुकानात उंची, वजन आणि बुटाचे युरोपीय माप विचारतात. वजन लाजून कमी सांगू नये, कारण त्यावरूनच पट्टीचा ताठरपणा आणि उतारावरच्या स्कीमध्ये पडल्यावर बूट सुटण्याची कळ ठरवतात. लांगरेनसाठी तळाला केसाळ पट्टी बसवलेल्या स्की मागाव्यात. त्या पुढे सरकतात, पण मागे घसरत नाहीत. जुन्या पद्धतीच्या स्कींना तापमानाप्रमाणे हिरवे, निळे किंवा जांभळे मेण चोळावे लागते, आणि कोणत्या दिवशी कोणते मेण, यावर नॉर्वेजियन माणसे ज्या तन्मयतेने वाद घालतात, ती पाहता आपल्याकडचा पुरणपोळी गुळाची की साखरेची हा वाद फिका वाटावा.

वाटेवर यंत्राने दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात. आपल्या दोन्ही स्की त्या खाचांत ठेवाव्यात, गुडघे किंचित वाकवावेत, नजर पुढे दहा पावलांवर ठेवावी आणि चालताना जसा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो तसाच तो येऊ द्यावा. पहिला अर्धा तास काठ्या बाजूला ठेवून चालावे. काठ्यांचा आधार असला की शरीर तोल शिकत नाही. चढ आला तर स्कींची टोके बाहेर आणि टाचा आत घेऊन पावले टाकावीत. मागे उमटणारे ठसे माशाच्या काट्यासारखे दिसतात आणि या चालीचे नॉर्वेजियन नावही तेच आहे. उतार आला तर उलट करावे : टोके जवळ, टाचा दूर, आणि आतल्या कडांवर भार. याला नॉर्वेजियन लोक ‘प्लूग’ म्हणतात, म्हणजे नांगर. बर्फ नांगरत, आवाज करत, हळूहळू खाली यावे.

पडायचे कसे, हेही शिकावे लागते. वेग हाताबाहेर जातो आहे असे वाटताच खाली बसून कुशीवर कलंडावे. हात मागे टेकू नयेत. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून एकमेकींना समांतर ठेवाव्यात, नाही तर उभे राहता राहताच त्या पुन्हा चालू लागतात. गुडघ्यांवर यावे, एक पाय पुढे घ्यावा आणि मग उभे राहावे. घाई केली की दुसऱ्यांदा पडणे ठरलेलेच. शेजारून पाच वर्षांची मुले काठ्यांशिवाय सुळकन निघून जातात, त्यांच्याकडे पाहू नये.

वाटेचे शिष्टाचारही आहेत. उजव्या बाजूने चालावे, खाली येणाऱ्याला वाट द्यावी, थांबायचे असेल तर खाचांतून बाहेर यावे, आणि साध्या बुटांनी त्या खाचांवर कधीही पाय ठेवू नये. आपल्याकडे कोणी सारवलेल्या अंगणातून चपला घालून गेल्यावर घरच्यांना जसे वाटेल, तसे तेथील माणसांना वाटते. मागून ‘ल्योइपे!’ अशी हाक आली तर त्याचा अर्थ ‘वाट द्या’.

उतारावरच्या स्कीसाठी खोऱ्याच्या दोन्ही अंगांना माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट आहेत. दक्षिणेकडचा व्हेस्टलिया हा भाग लहान मुले आणि नवखे यांच्यासाठी सोयीचा आहे. उतारांना रंग दिलेले असतात : हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. पहिल्या दिवशी गटाच्या शिकवणीत नाव घालावे आणि हिरव्या उतारावरच राहावे. लिफ्टचा पास जाकिटाच्या डाव्या खिशात एकटाच ठेवावा. मोबाइलशेजारी असला तर दाराचे यंत्र तो ओळखत नाही आणि मागे रांग तुंबते. आणखी एक सूचना उलट्या ‘टी’ आकाराच्या दांड्याच्या लिफ्टविषयी. तो दांडा पाठीमागे टेकण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही. खुर्ची समजून बसलात, तर दोरी लांबते आणि आपण जमिनीवर. तसे झाल्यास दांडा सोडून लगेच बाजूला सरकावे, कारण मागून पुढची जोडी येतच असते.

घरात कोणी बसून स्की करू इच्छिणारे, चालण्यास असमर्थ असलेले असेल, तर स्की शाळेकडे आगाऊ चौकशी करावी. फेब्रुवारी १९८० मध्ये अपंग खेळाडूंच्या दुसऱ्या हिवाळी जागतिक स्पर्धा, ज्यांना आज आपण पॅरालिम्पिक म्हणतो, त्या याच गावात झाल्या होत्या.

गावाबाहेर पडताना

गावाच्या दक्षिणेला हार्डांगरव्हिडाचे विस्तीर्ण पठार आहे. त्यावरचे राष्ट्रीय उद्यान १९८१ पासूनचे असून ते नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठे आहे. उत्तरेला हालिंगस्कार्व्हेची भिंतीसारखी रांग उभी आहे, आणि तिचे सर्वोच्च शिखर १,९३३ मीटरचे आहे. यैलूच्या पुढच्या उस्ताओसे गावावरून या रांगेकडे पाहिले, की तत्त्वज्ञ आर्ने नेस यांची आठवण येते. गांधीविचारांचा खोल अभ्यास करणाऱ्या आणि पुढे ‘सखोल पर्यावरणवाद’ मांडणाऱ्या या माणसाने त्याच कड्याखाली, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, एक झोपडी बांधून आयुष्यातील कित्येक वर्षे तेथे काढली.

हे पठार दिसते सपाट, पण सह्याद्रीत पावसाळ्यात धुके उतरल्यावर जी गत होते तीच येथे वाऱ्यामुळे होते : जमीन आणि आकाश एकच पांढरे होते आणि दिशा हरवते. १८९६ च्या जानेवारीत तरुण रोआल्ड अमुंडसेन आणि त्याचा भाऊ लेऑन हे पठार ओलांडायला निघाले आणि वादळात सापडले. बर्फात खणलेल्या बिळात झोपलेला रोआल्ड सकाळपर्यंत बर्फाने बंद झाला आणि भावाने त्याला उकरून काढले. पुढे दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेल्या माणसाची ही कथा आहे, तेव्हा आपण खुणा केलेल्या वाटा सोडू नयेत हे उत्तम.

नॉर्वेत डोंगरात वागण्याचे नऊ नियम शाळकरी मुलांनाही माहीत असतात. त्यांतील एकाचा मथितार्थ असा की वेळीच मागे फिरावे, त्यात लाज नाही. निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज आणि हिमकडे कोसळण्याचा एक ते पाच अशा श्रेणीत दिला जाणारा इशारा पाहावा, कोठे जातो आहोत ते मागे कोणाला तरी सांगावे, आणि पाठीवरच्या पिशवीत थर्मास, कोरडे मोजे व एक जादा उबदार कपडा ठेवावा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११३ आहे, तर कमी तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी ११६११७.

ज्यांना स्की करायचीच नाही त्यांनी कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरावे, बर्फावरचे रुंद जोडे घालून रानात चालावे, किंवा गाडीने पाऊण तासाच्या आत फिन्सेला जाऊन यावे. १,२२२ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकाला मोटाररस्ताच नाही. गुलमर्गच्या आठवणीने कोणी स्नो स्कूटर शोधू लागेल, तर तो निराश होईल. नॉर्वेत मौजेखातर रानात मोटार वाहन चालवण्यास कायद्याने सर्वसाधारण मनाई आहे. त्याऐवजी गावातल्या आजीबाई पाहाव्यात. लोखंडी धावांची, पुढे बसायला फळी असलेली ‘स्पार्क’ नावाची गाडी त्या एका पायाने ढकलत नेतात, फळीवर बटाट्यांची पिशवी असते, आणि उतार आला की दोन्ही पाय धावांवर ठेवून निवांत खाली जातात.

खाणे, आणि निघण्याचा दिवस

बाहेरचे जेवण महाग आहे, शाकाहारी पर्याय मोजके आहेत, त्यामुळे न्याहारी आणि रात्रीचे जेवण घरी करावे. डाळी, पोहे, मेतकूट आणि मसाले खुशाल न्यावेत, पण तूप, पेढे किंवा खव्याचे काहीही भारतातून नेऊ नये, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. बहुतेक घरांत इंडक्शन शेगडी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शनचा स्टीलचा न्यावा. फोडणी देण्यापूर्वी धुराचा पंखा पूर्ण वेगाने लावावा आणि स्वयंपाकघराचे दार बंद ठेवावे. मिरच्यांच्या ठसक्याने धुराची घंटा वाजली, की ती शेजारच्या चार घरांना ऐकू जाते.

पेढ्यांची उणीव ब्रूनोस्त बऱ्यापैकी भरून काढते. हे तपकिरी चीज निवळीत साय व दूध घालून आटवून करतात. दुधातली साखर करपट-गोड होईपर्यंत आटवल्यामुळे चव किंचित खारट कलाकंदासारखी लागते. त्याची पातळ काप गरम वाफलवर ठेवून खावी. दुपारी नॉर्वेजियन माणसासारखे करावे : ब्रेडचे तुकडे कागदात बांधून न्यावेत, ऊन पडलेल्या बर्फाच्या भिंतीला पाठ लावून, खाली फोमची चटई टाकून बसावे आणि शेवटी एक संत्रे सोलावे. गोठलेल्या हवेत त्या सालीचा वास फार दूरपर्यंत जातो.

निघण्याच्या दिवशी स्की आदल्या संध्याकाळीच परत कराव्यात, कारण सकाळी दुकानात गर्दी असते. घराची झाडलोट, भांडी आणि कचरा यांना किमान दीड तास ठेवावा. आठवण म्हणून काही घ्यायचे असेल तर येथील सुरी घ्यावी. ब्रुसलेट्टो हा येथील सुऱ्यांचा कारखाना १८९६ पासूनचा आहे. मात्र ती सुरी हातातल्या पिशवीत न ठेवता विमानात आधीच जमा करायच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवावी, आणि हे काम गार्डरमूएनला तपासणीच्या रांगेत उभे राहून नव्हे, तर यैलूतच करून टाकावे.